पोटाखालची शिवण

माझी सून संगणकावरील खेळांसाठी वस्तू घडविते. मी चाळीस वर्षे कपडे शिवले, म्हणून तिचे काम मला लवकर उमगले. वस्तू त्रिकोणांची बनते. त्रिकोण जितके कमी, तितका खेळ न अडखळता चालतो. वर चित्राचे कातडे चढवितात, आणि कातडे म्हटले की शिवण आलीच.

यंदा तिला लष्करी क्षेपणास्त्र करावयाचे होते, तेही पाचशे त्रिकोणांत. ते साधले तर तिची हंगामी नोकरी कायम होणार होती. जागा एकच होती. शेजारच्या टेबलावरील, तिच्यासारखाच हंगामी सहकारी, ज्याला ती दादा म्हणे आणि ज्याच्यासाठी मी रोज दुसरा डबा भरीत असे, म्हणायचा, "ताई, ती जागा तुझीच."

"आई, शिवण कुठे लपवू?" तिने मला विचारले.

"पोटाखाली. वाकून कोण बघतंय?"

तिने तसेच केले. दादाने "साहेबांना दाखवतो" म्हणून फाईल मागितली; तिने विश्वासाने दिली. दुसऱ्या दिवशी मात्र ती कपाळाला हात लावून हसली.

"आई, आपण दोघी अतिशहाण्या! खेळणारा जमिनीवर उभा, क्षेपणास्त्र त्याच्या डोक्यावरून जाणार. त्याला पोटच दिसणार ना!"

शिवण तिने पाठीवर नेली आणि सोमवारी नवी फाईल घेऊन कार्यालयात गेली. तेथे पडद्यावर तिचेच क्षेपणास्त्र होते; खाली नाव दादाचे.

"पाचशेत बसवलंस? शाब्बास!" साहेब म्हणाले.

"घाम निघाला, साहेब," दादा म्हणाला.

मग पडद्यावर क्षेपणास्त्र उडाले. पोटावरची रेघ सर्वांनी पाहिली.

"अरे, याची तर चड्डी उसवली!" कोणीतरी ओरडले.

"कातडं ताईनं चढवलंय," दादा लगेच म्हणाला. "मी तिला बजावलं होतं."

सुनेने नवी फाईल लावली. रेघ नव्हती. साहेब म्हणाले, "झालं ना काम? मग वाद नको." जागा दादाला मिळाली, हिला आणखी सहा महिने हंगामी.

"सगळं नेलं, आई," ती घरी म्हणाली. "चूक तेवढी माझ्या पदरात टाकली."

चूक माझी होती. मी तसे बोललेही. ती म्हणाली, "तुमची शिवण नाही हो टोचत."

दुसऱ्या दिवशी मी एकच डबा भरला. दादा तिच्या टेबलाशी आला.

"रागावलीस, ताई? हा रणगाडा तेवढा बसवून दे ना."

"साहेब, कायम तुम्ही झालात," ती म्हणाली. "तुम्हीच बसवा."