लाईन, दोरी आणि आमचे बाबा

आमच्या बाबांना शब्द खणायची खोड होती. घरात जाडजूड इंग्रजी डिक्शनरी, आणि तिच्यात डोकं घातलं की शेजारी भात करपला तरी यांना पत्ता नाही. वैताग नुसता.

नव्वदच्या दशकात आम्ही विरारला फ्लॅट घेतला, तेव्हा पाणी टँकरने यायचं. भांडणं नकोत म्हणून सोसायटीने एक रीत पाडली होती. ज्याने त्याने आपली बादली आणून रांगेत लावायची आणि सगळ्या बादल्यांच्या कड्यांतून एकच लांब दोरी ओवायची. मग मधे कोणाला घुसता येत नसे आणि माणसं खुशाल घरी जात.

त्या रविवारी ताईला बघायला दादरचे पाहुणे येणार होते. मुलाच्या आईने फोनवर आधी विचारलं होतं, "तिकडे पाणी येतं ना?" आणि बाबांनी ठोकून दिलं होतं, "चोवीस तास." ताईला मुलाचा फोटो मनापासून आवडला होता. आई बाबांना म्हणाली, "तुमची थाप आता तुम्हीच निस्तरा. दोन बादल्या तरी भरून आणा."

बाबा रांगेत गेले. तिथे तळमजल्यावरचे काका सांगत होते की त्यांच्या मुलाने सायन्स लाईन घेतली. झालं, बाबांना तेवढंच पुरलं. कोणी विचारलं नव्हतं तरी ते सांगू लागले की लाईन म्हणजे मुळात अळशीच्या रोपाचा धागा. त्याचं कापड ते लिनन, आणि ते कोटाच्या आत लावायचे म्हणून अस्तराला लायनिंग. धागा ताणला की सरळ रेघ मिळते, मग त्या रेघेवरून रांग आली, रेल्वे आली, टेलिफोन आला, माणसाचा धंदासुद्धा आला.

"आणि नाक्यावरची पोरं मारतात ती?" काकांनी विचारलं.

"तीही त्यातलीच," बाबा गंभीरपणे म्हणाले. मग नीट समजावं म्हणून त्यांनी गाठ सोडली, बादल्यांतली दोरी सर्रकन ओढून काढली आणि दोन्ही हातांत ताणून धरली. "ही बघा, मूळची लाईन."

नेमका तेव्हाच टँकर आत शिरला. कोणाची बादली कुठे होती याचा पुरावा बाबांच्या हातात लोंबत होता. जी काही झोंबाझोंबी झाली तिच्यात टँकर संपला आणि बाबा रिकाम्या बादल्या घेऊन वर आले.

आईने कपाळावर हात मारला. जवळच्या गास गावाहून येणाऱ्या भाजीवालीकडून शहाळी आणली, त्यांच्या पाण्यात पोहे भिजवले. हात धुवायला सोड्याच्या बाटल्या आणल्या.

पाहुणे आले. मुलाच्या आईच्या हातावर सोडा फसफसला तेव्हा ताईचं तोंड एवढंसं झालं. शेवटी तीच म्हणाली, "पाणी नाहीये. बाबांनी रांगेची दोरी काढली."

"का?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

बाबांनी पुन्हा अळशीपासून सुरुवात केली. वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "चूक. तो शब्द आधी लॅटिनमध्ये बघा." दोघेही खुर्च्या पुढे ओढून भिडले. मुलगा मान खाली घालून बसला होता, पण मधेच त्यालाही राहवलं नाही आणि तो म्हणाला, "ग्रीकमध्येही आहे."

त्याच्या आईने एकदा तिघांकडे पाहिलं. मग ती ताईजवळ सरकली.

"तुला याची सवय आहे का गं?"

"जन्मापासून," ताई म्हणाली.

"मग पुढचं बोलू या," ती म्हणाली आणि सोड्याचे हात पदराला पुसले.