एमिल हुडाक दंड उचलतो

कोळशाच्या खाणी बंद पडल्या तशी पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातली ती गावं मुकी झाली. टेकडीवरच्या कॅथलिक विद्यापीठाची चिमणी मात्र धूर सोडत राहिली, आणि त्या चिमणीखालच्या बॉयलरपाशी एमिल हुडाकचं सारं आयुष्य गेलं. बाप खाणीत वाकला, हा बॉयलरच्या पोटात. आत रांगत शिरायचं, तापल्या पत्र्यावर गुडघे टेकायचे, काजळी खरवडायची. गावात थट्टा चाले, की एमिल जेवढा गुडघ्यांवर असतो तेवढा बिशपसुद्धा नसतो.

त्या विद्यापीठाची एक रीत होती. नवा अध्यक्ष पदावर बसायचा त्या दिवशी त्याच्यापुढे अधिकाराचा दंड चालायचा. काळ्या अक्रोडाचा, छातीएवढा उंच, माथ्यावर चांदीचा क्रूस. तो उचलायचा मान सर्वांत जुन्या सेवकाचा, आणि हा जुना सेवक आजवर प्राध्यापकच निघत आला होता. या खेपेला बॉयलरवाला निघाला. त्याच्या मागचा नंबर लॅटिनच्या प्रोफेसर प्रुइटांचा. एमिल नाही म्हणाला की दंड त्यांच्याकडे.

एमिल नाही म्हणणार नव्हता. पण त्याचा उजवा गुडघा कामातून गेला होता. एकदा वाकला की धरायला काही असल्याशिवाय उठत नसे. हे ठाऊक होतं ते फक्त बायकोला, ल्युडमिलाला.

"सोहळा बघणाऱ्या सिस्टरला सांगून टाक," कोबी चिरता चिरता ती म्हणाली.

"सांगितलं की दंड गेला."

"जाऊ दे की. लाकूड तर आहे."

"लुडा, सोहळा चॅपेलमध्ये आहे. तिथं मी आजवर तळघराच्या जिन्यानं शिरलोय. एकदा मोठ्या दारानं जाऊ दे मला."

तिनं सुरी खाली ठेवली.

चॅपेलच्या फरशीला पॉलिश चाललं होतं, म्हणून तालीम खेळाच्या हॉलमध्ये झाली. सगळा सोहळा मठातल्या सिस्टर कॉन्स्टन्शियाच्या हातात. तिनं खडूनं वेदी आखली आणि बजावलं, "एमिल, नीट ऐक. हातात दंड असताना वेदीपुढं गुडघा टेकायचा नाही. मान लववायची, बस्स."

"मान तर मान, सिस्टर."

"बॉयलरवाल्याला मान लववायची सवय आहे का पण?" प्रुइट मागून म्हणाले. लोक हसले, एमिलही हसला. खडूच्या रेघेपुढं मान लववणं सोपं होतं.

सोहळ्याच्या दिवशी ऑर्गन घुमू लागला. एमिल सर्वांत पुढं. मागं नव्या अध्यक्ष डॉक्टर नोरा फीहन, पाद्री नसलेल्या पहिल्याच अध्यक्ष. त्यांचा गळा अजून मोकळा होता. जुन्या अध्यक्षांची नावं कोरलेली साखळी वेदीपाशी उशीवर त्यांची वाट बघत होती. त्यांच्या मागं प्रुइट आणि झगे घातलेल्या प्राध्यापकांची लांबच लांब रांग.

मधली वाट सरली. दंड जड होता, पण गुडघा साथ देत होता. एमिलनं मान वर केली. वेदीमागं लाल दिवा तेवत होता. तिथल्या पेटीत पवित्र भाकर, म्हणजे साक्षात ख्रिस्त आहे, असं सांगणारा दिवा. आईचं बोट धरून चालायच्या वयापासून त्या दिव्यापुढं तो एकच गोष्ट करत आला होता. खेळाच्या हॉलमध्ये दिवा नव्हता.

उजवा गुडघा आपोआप फरशीला टेकला.

टेकला तो टेकलाच. एमिलनं जोर लावला. मांडी थरथरली, गुडघा हलला नाही. मागं रांग थबकली. झग्यांची सळसळ थांबली. ऑर्गनवाल्यानं संपत आलेलं स्तोत्र पुन्हा पहिल्यापासून धरलं. खांबाआडून सिस्टर डोळे वटारून मानेच्या खुणा करत होती.

प्रुइट पुढं आले आणि कानाशी लागले. "दे इकडे, एमिल. लोक बघतायत."

आवाजात कुचेष्टा नव्हती, ते जास्त झोंबलं. एमिलची मूठ सैलावू लागली. तेवढ्यात पाठीमागून डॉक्टर फीहन हलकेच म्हणाल्या, "घाई नाही, मिस्टर हुडाक. तुम्ही चालल्याशिवाय मला चालता येत नाही."

एमिलनं दंडाकडं पाहिलं. चांदीचा क्रूस वर राहील असा तो खांद्यावरून उतरवला आणि बुडखा फरशीवर टेकवला. ठक्क! साऱ्या चॅपेलभर आवाज गेला. पहिल्या बाकावरच्या बिशपनं भुवया उचलल्या. रांगत्या माणसानं काठीला धरावं तसं दोन्ही मुठींनी अधिकाराला धरून, दात खात, एमिल हुडाक उठला.

दंड पुन्हा खांद्यावर गेला. लंगडत का होईना, तो चालू लागला, आणि डॉक्टर फीहन त्याच्या पावलाइतकंच पाऊल टाकत मागून आल्या. त्यानं दंड वेदीपाशी उभा केला, मगच बिशपनं साखळी उचलली आणि त्यांच्या गळ्यात घातली.

बाहेर आल्यावर सिस्टर कॉन्स्टन्शियानं गाठलंच. "काय सांगितलं होतं मी? नुसती मान!"

"मान माझी होती, सिस्टर. तिनं तुमचं ऐकलं असतं." एमिल पायरीवर बसत म्हणाला. "गुडघा कधी माझा नव्हताच, त्या दिव्याचा होता."

सिस्टर आपला झगा सावरत त्याच्याशेजारी बसली. "दुखतोय फार?"

"फार," एमिल म्हणाला. हे त्यानं पहिल्यांदाच परक्या माणसाला सांगितलं.