बिनमाणसाचा फोटो

मी आयुष्यात एकच निसर्गाचा फोटो काढला आणि त्यात माणूस नाही म्हणून तो घरीदारी नापास झाला.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझे सासरे, म्हणजे आमचे मामा, भिवंडीजवळच्या अंजूरचे. त्यांचं भाताचं शेत कापडाच्या लूमच्या शेडसाठी विकायचं ठरलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली.

"जावई, शेत जायच्या आधी एक फोटू काढून ठेवा."

मी ऑफिसातल्या मित्राचा कॅमेरा आणला, अंजूरला जाऊन फोटो काढला (एकच, कारण रोलसुद्धा मित्राचाच) आणि धामणकर नाक्यावरच्या स्टुडिओत चांगला पाटीएवढा मोठा करून घेतला.

"साहब, इसमें आदमी किधर है?" स्टुडिओवाल्यानं विचारलं.

"आदमी नहीं, खेत है."

"तो फिर वेस्ट गया ना."

घरी आईनं तो उलटासुलटा करून पाहिला. "एवढा मोठा कागद आणि एक माणूस नाही? निदान सुलभाला तरी उभं करायचंस." सुलभा म्हणजे माझी बायको. मी रागानं फोटो कपाटावर टाकला आणि विसरलो.

शेत गेलं. मामा आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. मग जानेवारीत निरोप आला, रविवारी फोटू न्यायला येतो. आणि फोटो कपाटावर नव्हता! आता शेतही नाही आणि फोटोही नाही, हे त्या माणसाला सांगायची माझी छाती नव्हती.

त्या रविवारी भिवंडीत अशी थंडी पडली होती, की लूमचा खडखडाट कुठला आणि माझ्या दातांचा कुठला, ते कळेना. मी मफलर बांधून कपाट रिकामं केलं. ट्रंक उपसली. गाद्या उलट्या केल्या. तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला (तिथे सुलभाची हरवलेली बांगडी सापडली, तिचं श्रेय मला अजून मिळालेलं नाही).

"शेगडीत गेला असणार," सुलभा म्हणाली. "बाबांनी शेत विकलं, तुम्ही जाळलंत."

"मी कशाला जाळू?"

"मग दाखवा कुठाय."

आई शेगडीशी हात शेकत बसली होती. ती म्हणाली, "शोधा, पण खिडकी उघडू नका. फुटक्या काचेवर मी परवाच कागद चिकटवलाय. खळ ओली असेल अजून."

"बरं," म्हणून मी पलंगाखाली शिरलो.

तेवढ्यात बाहेर मामांचा खोकला ऐकू आला. खोकला आला, पण मामा आत येईनात. मी डोक्यावरची जळमटं झटकत बाहेर गेलो. मामा घोंगडी लपेटून आमच्या खिडकीला नाक लावून उभे होते. फुटक्या काचेच्या जागी, रस्त्याकडे तोंड करून, माझा फोटो! आत आम्हाला दोन दिवस त्याची पांढरी पाठ दिसत होती.

मी तेवढ्यातही तोरा सोडला नाही. "मुद्दाम इथं लावलाय, मामा. येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावा म्हणून."

मामांनी घोंगडीच्या टोकानं नाक पुसलं. त्यांचे डोळे भरून आलेत असं वाटून मलाही गलबलून आलं.

"झ्याक काढलाय," ते म्हणाले. "पन ह्ये पांडूचं शेत हाय."

पांडू म्हणजे त्यांचा शेजारी.

"मग आपलं कुठं?" मी विचारलं.

"तुमी कुठं उभं व्हता?"

"तुमच्या शेतात. तिथून समोरचं चांगलं दिसत होतं म्हणून..."

"मंग तेच. आपलं तुमच्या पायाखाली व्हतं."

मला रस्त्यात मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामा मात्र हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. शेत गेल्यापासून ते पहिल्यांदाच हसत होते, आणि सुलभा दारात उभी राहून डोळे पुसत होती.

तो फोटो पुढे पांडूनं मागून नेला आणि कौतुकानं ओटीवर लावला. मामांनी जाताना आमच्याकडून माझा लग्नातला फोटो नेला. तो त्यांच्या भिंतीवर आहे. "आमचं शेत ह्यांच्या पायाखाली व्हतं," असं ते आल्यागेल्याला सांगतात. तेव्हापासून अंजूरला लोक माझ्या तोंडाकडे बघतात आणि "चांगली जमीन व्हती हो," म्हणून हळहळतात.