म्हशीला पेपर, मला डॉक्टर

माझ्या सासरी म्हशीला रोज पेपर वाचून दाखवत.

साठ सालानंतरची गोष्ट. मी पुण्याहून लग्न होऊन कामशेतला आले ती मानसशास्त्रात बी.ए. होऊन. पहिल्याच संध्याकाळी पाहते तर माझे सासरे, म्हणजे आबा, धार काढायला बसलेले, समोरच्या खांबाला पेपर टाचलेला, आणि आबा मोठ्याने सांगताहेत, "रतन, तांदूळ चढला बग मुंबईत!"

रतन म्हणजे म्हैस.

"आबा असं कधीपासून करतात?" मी घाबरून सासूबाईंना विचारलं.

"न्हाई वाचलं तर पान्हा चोरती ती," सासूबाई म्हणाल्या आणि स्वतःच रतनला ओरडल्या, "नीट ऐक की गं, भवाने!"

मी चक्रावले. पुस्तकात लिहिलं होतं, चार लोकांसारखं वागतो तो नॉर्मल. इथे चारही लोक रतनशी बोलत होते! (शेजारच्या मावशी तर तिच्यापाशी आमच्यासाठी निरोप ठेवून जात.) न बोलणारी घरात मी एकटी. मग अॅबनॉर्मल कोण? डोकं भणभणायला लागलं.

शेवटी मी ह्यांना गळ घातली. हे लोणावळ्याला रेल्वेत होते आणि तिथे मुंबईचे एक मनोविकारांचे डॉक्टर हवापालटाला उतरले होते. "त्यांना एकदा आबांना बघू दे!" पण बापाचं नाव घ्यायची ह्यांना लाज वाटली. डॉक्टरांना एवढंच सांगितलं, "घरातल्या एका माणसाला बघायचंय."

डॉक्टर यायचे त्याच दिवशी रतनने आबांच्या चष्म्यावर पाय दिला. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. राहिले मी! मी खांबासमोर बसून शुद्ध पुणेरी सुरात वाचायला लागले, तर रतनने बादली लाथाडली.

"असं गुळगुळीत न्हाई!" आबा ओरडले. "माजा फेटा घाल, घोंगडं घे, आन् ठसक्यात वाच!"

घातला फेटा! घेतलं घोंगडं! आणि गरजले, "रतन! साखर म्हागली गं! कळलं का?" त्यासरशी आबांच्या हाताखाली धार सुरू झाली.

नेमके त्याच क्षणी डॉक्टर गोठ्याच्या दारात. त्यांना घेऊन आलेले हे चहा सांगायला घरात गेलेले. आबांना वाटलं, मुलाने गुरांचा डॉक्टर आणला.

"हे कधीपासून?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"आज सकाळधरनं. त्याआदी लय गरीब व्हती वो."

"खाणंपिणं?"

"पेंड खाती की."

डॉक्टर दचकले. "पेंड? आणि... अंगावर वगैरे येते?"

"लाथा मारती. जवळ जाईल त्याला."

"झोप?"

"कदी बसून, कदी हुबी."

डॉक्टर दोन पावलं मागे सरले. "बांधून ठेवता?"

"मंग! न्हाई बांधली तर लोकांच्या रानात शिरती."

हे सगळं मला ऐकू येत होतं! पण थांबले तर पान्हा जाणार, म्हणून मी त्याच ठसक्यात खांबाकडे बघून ओरडले, "डॉक्टरसाहेब, मी येडी न्हाई वो!"

"सगळे असंच म्हणतात," डॉक्टर कळवळून म्हणाले.

हे चहा घेऊन येईपर्यंत डॉक्टर स्टेशनच्या वाटेला लागलेही होते. हे मागे धावले, सगळं समजावलं. डॉक्टरांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "नवऱ्याला स्वीकारणं जडच जातं. तिला जपा. कष्टाचं काम देऊ नका, दुपारची झोप मोडू नका, आणि ती बोलेल त्याला हो म्हणा."

ह्यांनी हसत हसत हे घरी सांगितलं. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातातला जात्याचा खुंटा सोडवला, पाण्याची कळशी उचलली आणि मला माजघरात निजवलं. आबा येऊन म्हणाले, "पोरी, तुजं बरोबर हाय." कशाबद्दल, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

गैरसमज दूर करावा असं मला रोज वाटायचं. पण दुपारची झोप काढून उठेपर्यंत संध्याकाळ व्हायची, आणि शेजारच्या मावशींनी डोक्याला तेल चोळायला घेतलं की वाटायचं, उद्या सांगू. सहा महिने नाही सांगितलं. एवढी शहाणी मी नक्कीच होते!