आठशे पस्तीस डॉलर

दत्ता सोनटक्के गेल्याचं मला सकाळी कंपनीच्या गेटवर वॉचमननं सांगितलं, आणि मी पहिला प्रश्न काय विचारला असेल? ‘मग आज डॉलरचा रेट कोण भरणार?’ दीड महिना झाला, ते वाक्य घशाखाली उतरत नाही. दहाव्यानंतर आकुर्डीला त्यांच्या खोलीवर गेलो तेव्हा त्याच्या बायकोनं, सुमननं, हॉस्पिटलचं एक जुनं पत्र माझ्यापुढे ठेवलं. दत्ताच्या हृदयाची झडप बदलावी लागेल, ती अमेरिकेहून मागवावी लागेल, किंमत आठशे पस्तीस डॉलर. तो आकडा मला पाठ होता... दोन वर्षं रोज पाहिलेला.

दत्ता लातूरकडचा, जेमतेम तिशीचा. ऐंशी साली चिंचवडच्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा त्यात माहिती भरणारा पंच ऑपरेटर म्हणून टेंपररी लागला आणि बघता बघता प्रोग्रॅम लिहायला शिकला. मी इम्पोर्ट सेक्शनचा प्रमुख. परदेशी सुट्या भागांच्या किमतींचे रुपये करताना आमचे कारकून घामाघूम व्हायचे. दत्तानं त्यावर प्रोग्रॅम लिहिला. टर्मिनलवर एका ओळीत रक्कम आणि चलन टाइप करायचं, की खालच्या ओळीत रुपये हजर. रोज सकाळी बँकेचा नवा रेट भरला की प्रोग्रॅम तपासायला तो एकच रक्कम टाकायचा, आठशे पस्तीस डॉलर.

‘अरे, सरळ हजार टाक की. आठशे पस्तीसला मिळतं तरी काय?’ मी चिडवायचो.

‘मिळतं साहेब, कायतरी.’

बँक रेट सांगते तो उलटा, शंभर रुपयांना किती डॉलर. इतकी वर्षं या कामात काढूनही मी हमखास फसायचो. आकडा उतरला की खुशीत म्हणायचो, ‘चला, स्वस्त झालं!’

‘न्हाई साहेब, उतरला म्हंजे महाग झालं,’ दत्ता हळूच म्हणायचा. मला वाटायचं, पोराला कंपनीची केवढी काळजी! सुरुवातीला त्याच्या ओळीखाली सात हजार यायचे, गेल्या दिवाळीत आठाच्या वर गेले. तो ओव्हरटाइम मागत राहिला आणि मी मेहरबानी केल्यासारखा देत राहिलो. जिना चढताना मधल्या नोटीस बोर्डापाशी तो बराच वेळ उभा राहायचा. त्यावरूनही मी त्याची थट्टा केली आहे.

एकदा तीच ओळ त्यानं लागोपाठ तीनदा टाइप केली. मी म्हणालो, ‘अरे, स्वतःच्या प्रोग्रॅमवर तरी विश्वास ठेव!’

‘चुकला असंल तर बरं, असं वाटलं साहेब...’

मी खो खो हसलो होतो.

‘कायम करायच्या आधी मेडिकल असतंय ना,’ त्या दिवशी खोलीवर सुमन सांगत होती. ‘कळलं तर घरी बसवतील म्हनून कुनाला सांगू दिलं न्हाई त्यांनी.’ आम्ही वर्गणी काढली असती, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण कायम करायचे कागद माझ्याच सहीनं जायचे, आणि मी स्वतःला ओळखतो. हळहळत का होईना, मी त्याला अनफिटच ठरवला असता. दत्तानं मला बरोबर ओळखलं होतं, याची मला लाज वाटते.

आता रेट मीच भरतो. मग आठशे पस्तीस टाकतो, ती रक्कम बदलायला हात धजत नाही. आज बँकेचा आकडा पुन्हा उतरला. सवयीनं तोंडातून निघून गेलं, ‘चला, स्वस्त झालं.’ शेजारच्या, दत्ताच्या खुर्चीवरून कुणी चूक सुधारली नाही.