चंद्रावतीची पुढची सीट

रोहा स्टेशनाबाहेर मिनिडोर नंबराने लागतात. ज्याची गाडी रांगेत पुढे, त्याची आधी भरायची, आणि भरल्याशिवाय कोणी हलायचं नाही. आत बसलेल्या माणसाची मग कोलाडला एसटी चुको, नाहीतर धाटावला कारखान्यातली शिफ्ट. मागे समोरासमोर तीन-तीन मिळून सहा माणसं आणि पुढे ड्रायव्हरच्या डाव्या हाताला एक, अशी सात झाली की तीन चाकांचं ते धूड खोकत खोकत कोलाडवरून खांबच्या वाटेला लागतं.

या रांगेत चंद्रावतीची गाडी सहा वर्षं आहे. चंद्रावती मूळची पेणजवळच्या गडबची. जन्मली तेव्हा घरच्यांनी मुलगा म्हणून बारसं केलं होतं. ते नाव ती कोणाला सांगत नाही आणि विचारणाऱ्याला भर रस्त्यात उतरवते. बाविसाव्या वर्षी घर सोडून गेली. परत आली ती चाळिशीला, साडीवर खाकी शर्ट चढवून आणि चंद्रावती या नावाचं लायसन्स घेऊन. स्टँडवर दोन दिवस कुजबुज चालली. तिसऱ्या दिवशी एकाने नंबर तोडून आपली गाडी पुढे घातली, तेव्हा चंद्रावतीने असा काही आवाज लावला की तिकिटाच्या खिडकीशी उभी असलेली माणसं गाडी आली समजून फलाटाकडे पळाली. त्यानंतर कुजबुज बंद झाली.

लोक तिच्या गाडीत बसत. पण मागे. पुढची सीट तेवढी भरत नसे. पुरुष म्हणत, "नको, मागेच होतो अ‍ॅडजस्ट," आणि तिघांत चौथे घुसत. बायका म्हणत, पुढे वारा लागतो. वैशाखातसुद्धा त्यांना वारा लागे. चंद्रावतीने हा विषय कधी काढला नाही. ती त्या सीटवर आपला डबा आणि पाण्याची बाटली ठेवी, म्हणजे ती जागा पहिल्यापासून डब्याचीच आहे असं दिसे. मागे सातवा कोंबला जाईपर्यंत ती थांबे, आणि तेवढा वेळ तिच्यामागच्या गाड्या खोळंबून राहत. जितेश नावाचा एक ड्रायव्हर रोज हॉर्न वाजवून तिला ही गोष्ट कळवी.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी या गाडीत सुश्रुत बसला. पेणच्या त्र्यंबक सरांचा हा मुलगा. पुण्यातली नोकरी सोडून तो घरी परतला होता आणि माडीवरच्या खोलीत ऋजुता नावाच्या वर्गमैत्रिणीबरोबर मोबाइलवरचा एक खेळ बनवत होता. नाव 'बाप्पा पोचवा'. पेणच्या कारखान्यातून मूर्ती घ्यायची, तिच्या तोंडावर रुमाल टाकायचा, रेल्वेने रोह्याला यायचं, तिथून मिनिडोरने खांबला जायचं आणि चतुर्थीच्या आत मूर्ती घरच्या पाटावर अखंड ठेवायची. सोंडेला टवका गेला की खेळ संपला.

मिनिडोर कशी चालते ते बघायला तो आला होता. स्टँडची रीत त्याला ठाऊक नव्हती. त्याने पुढच्या सीटवरचा डबा उचलला, मांडीवर घेतला आणि तो बसला.

"डबा द्या इकडं," चंद्रावती म्हणाली.

"असू दे ताई, धरतो मी. भाजी काय आहे?"

पाच वर्षांत हा प्रश्न तिला त्या सीटवरून कोणी विचारला नव्हता. "वाल," ती म्हणाली आणि गाडी जरा जोरातच सोडली.

सुश्रुत चार दिवस तिथेच बसला. चौथ्या दिवशी एक माणूस मूर्ती घेऊन आला आणि सुश्रुतने पुढची सीट देऊ केली तरी ती मांडीवर घेऊन मागेच बसला. चंद्रावती रस्ताभर त्याला ओरडून सांगत होती, "डावा हाय! उजवा! आता उचल, उचल, उचल!" 'उचल'ला त्याने मूर्ती हातभर वर धरायची आणि खड्डा गेला की पुन्हा मांडीवर घ्यायची. मागे इंजिनाच्या आवाजात त्याला निम्मं ऐकू येत नव्हतं. खांबला उतरल्यावर त्याने रुमाल बाजूला केला, तर उंदराचा कान गेलेला.

"पुढं बसला असतास तर वाचला असता," चंद्रावती म्हणाली.

सुश्रुतला त्याचा खेळ तिथे सापडला. त्याने विचारलं, "ताई, तुम्हाला गेममध्ये घेऊ का?"

"तिथं काय करायचं?"

"हेच."

"मग घे."

ऋजुताने पहिलं चित्र काढून पाठवलं. चित्रात चंद्रावती हिरव्या साडीत होती, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, मागे तेजाचं वलय, उजवा हात आशीर्वादाला वर. चंद्रावतीने फोन लांब धरून ते बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "ही हँडल कशानं धरते?" मग वलय गेलं, हात खाली आला आणि खाकी शर्ट आला. पुढे बोलणं ठरलं. तेही तिचंच: "पाय आत घ्या", "सुट्टे काढून ठेवा", "घाई असंल तर चालत जा".

स्टँडवर तिने ही बातमी एकूण एक माणसाला सांगितली. रोजच्या रेल्वे पासवाल्यांना सांगितली, चहावाल्याला दोनदा सांगितली. यंदा जुलैत खेळ बाहेर आला, आणि आठवड्याभरात तो खेळणाऱ्यांची बोंब सुरू झाली.

बोंब पुढच्या सीटवरून होती. खेळात मूर्ती घेऊन माणूस चंद्रावतीच्या गाडीपाशी येई आणि सवयीने मागे बसे. गाडी निघत नसे. कारण पुढची सीट रिकामी. तिथे दुसरं कोणी येऊन बसत नसे. खेळणाऱ्याने स्वतः उठून बसायला हवं होतं. लोक मागेच बसून वाट बघत. कोणी अर्धा तास, कोणी जेवून येऊन पुन्हा. तोवर खेळातली चतुर्थी उलटे आणि मूर्ती वाया जाई. काहींनी शक्कल लढवून मूर्तीच पुढच्या सीटवर ठेवली, तर चंद्रावती म्हणे, "देव मांडीवर घ्या. देवाच्या नावानं सीट धरायची नाय."

जितेशचा पुतण्या हा खेळ खेळे, त्यामुळे स्टँडला ताज्या बातम्या मिळत. एका सकाळी जितेशने आपल्या गाडीतूनच आवाज दिला, "ए चंद्रा, तुला गेमातून काढतायत म्हणे! तिथं पण पुढं कोन बसत नाय काय गो?"

सगळा स्टँड हसला. चंद्रावतीला एरवी उत्तर शोधावं लागत नसे. त्या दिवशी ती डबा उचलून पुन्हा त्याच जागी ठेवत राहिली. सहा वर्षं जे कोणी तोंडाने बोललं नव्हतं, ते जितेशने ओरडून सांगितलं होतं.

संध्याकाळी सुश्रुतचा फोन आला. रविवारी निर्णय घ्यायचा आहे, तुम्ही या.

रविवारी गाडी उभी करून ती रेल्वेने पेणला गेली. माडीवर सुश्रुत, ऋजुता आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत त्र्यंबक सर होते. सर गणिताचे निवृत्त शिक्षक. हातात मोबाइल धरून ते सकाळपासून तिसऱ्यांदा तोच टप्पा खेळत होते आणि कोणाकडे बघत नव्हते.

ऋजुताने अभिप्राय वाचायला घेतले. "'गाडी बिघडली आहे. दुरुस्त करा. एक स्टार.' हे असे तीनशे. मग हा. 'गणपतीच्या पवित्र खेळात ही असली बाई कशाला घुसवली?'"

"असली म्हणजे कसली?" चंद्रावतीने विचारलं.

"ते लिहिलेलं नाही."

"लिहायला पण लाजतंय मेलं. पुढं वाच."

"हा पनवेलचा साईराज. याने मोठं लिहिलंय. 'शेजारी बसायची सक्ती करून आमच्यावर विचार लादले जात आहेत. मी सतरा वेळा मागे बसलो. सतराही मूर्त्या वाया गेल्या.'"

"सतरा?" चंद्रावतीला त्याचं जरा कौतुकच वाटलं. "उठून पुढं यायला किती पावलं लागतात?"

"आता दुसरी बाजू," ऋजुता म्हणाली. "हे तुमच्या बाजूचे आहेत. 'पारलिंगी व्यक्ती दाखवल्याबद्दल अभिनंदन. परंतु ती इतकी तुसडी दाखवून तुम्ही एका सोसलेल्या समाजावर अन्याय केला आहे. तिचं दुःख कुठे आहे? तिला एक तरी रडण्याचा प्रसंग हवा होता.'"

"रडायचं? शिफ्ट सुटायच्या वेळेला? नंबर जाईल माझा!"

"'ती टाळी का वाजवत नाही?' असंही एकाने विचारलंय."

"त्याला म्हणावं, तू गाडीत बस, मी हँडल सोडून टाळी वाजवते. मग दोघं मिळून बघू."

सुश्रुत हसला नाही. त्याचा चेहरा आठवडाभर झोप नसल्यासारखा झाला होता. त्याने हळूच आपला तोडगा सांगितला. चंद्रावतीला काढायचं नाही. फक्त पुढच्या सीटचा नियम काढायचा. लोक मागे बसतील, गाडी निघेल, सगळे गप्प होतील. "तुम्ही राहालच ना, ताई. गाडी चालवत. कोणाला त्रास नाही."



"हे बघ सुश्रुत," चंद्रावती म्हणाली, "मला काढायचं तर काढ. जितेशला बसव माझ्या जागी, मिशी काढ चांगली. पण मी गाडी चालवनार आनि ती सीट रिकामी ठेवून लोक मागं बसून जानार, हे मला नको. ते मी रोह्यात रोज बघते. त्याच्यासाठी मोबाइल कशाला हवा?"

 ऋजुताने डोळ्यांवरचा चष्मा उगीचच पुसला.

तेवढ्यात सरांनी घसा साफ केला. "माझी एक हरकत आहे."

"बाबा, आता तुम्ही नका."

"ड्रायव्हरशेजारी प्रवासी बसवणं नियमात बसतं का? मी म्हणून मागे बसतो. तत्त्व म्हणून. माझ्या अकरा मूर्त्या गेल्या."

इतक्या शेकडो हरकतींत चंद्रावतीला पटलेली ही एकच. ती पदराने मान पुसत म्हणाली, "सर, रोह्यात सगळेच बसवतात हो."

"सगळे करतात म्हणून ते उत्तर बरोबर ठरत नाही, चंद्रावतीबाई."

"नाय ठरत. पन तुमचा गणपती खांबला पोचायचाय का नाय?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं. आयुष्यभर पाळलेली शिस्त सोडताना माणसाचा चेहरा जसा होतो तसा त्यांचा झाला, आणि त्यांनी बोटाने आपला माणूस उठवून पुढे बसवला. गाडी लगेच निघाली. "पाय आत घ्या," मोबाइलमधली चंद्रावती म्हणाली. सरांनी खुर्चीखाली आपले पाय आत घेतले. "डावा! उजवा! उचल, उचल!" सर मोबाइल डोक्याच्या वर धरून उभे राहिले. धाटाव गेलं, कोलाड गेलं, आणि खांबला मूर्ती पाटावर बसली. सोंड शाबूत, उंदराचे दोन्ही कान शाबूत.

सर मटकन खाली बसले. "सुश्रुत," ते म्हणाले, "गणित बरोबर आहे. पोरांनी प्रश्न नीट वाचलेला नाही. त्यासाठी गणित बदलायचं नसतं."

सुश्रुतने त्याच संध्याकाळी सगळ्या अभिप्रायांखाली एकच उत्तर लिहिलं: 'गाडी बिघडलेली नाही. पुढे बसा.' बाकी काही बदललं नाही. शिव्या आल्याच. रडण्याचा प्रसंग मागणाऱ्यांनी लांब पत्र लिहिलं. पण खूप लोक पुढे बसले. त्यांच्या मूर्त्या पोचल्या, आणि ज्याची मूर्ती पोचली तो दुसऱ्याला ओरडून सांगू लागला, पुढे बस रे.

पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने एक दाढीवाला तरुण रोह्याला उतरला आणि रांगेतल्या पहिल्या मिनिडोरपाशी येऊन थबकला. चंद्रावतीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोलाड का खांब?"

"तुम्ही खऱ्या आहात?"

"हात लावून बघायचं नाय. कोलाड का खांब?"

"मी साईराज. पनवेलचा. मी ते... लिहिलं होतं."

"सतरावाला?" चंद्रावती म्हणाली. "बस पुढं."

त्याने डबा उचलला, मांडीवर घेतला आणि बसला. समोरून जाणाऱ्या दोन पासवाल्या बायका थांबून बघू लागल्या. साईराज पाच मिनिटं बसला, दहा मिनिटं बसला. गाडी हलेना.

"आता काय राहिलं? पुढची सीट भरली ना!"

"मागं बघ. चारच हायत."

"म्हणजे आता मागच्यासाठी थांबायचं?"

"भरल्याशिवाय गाडी हलत नाय. घाई असंल तर चालत जा."

हे वाक्य त्याने सतरा वेळा ऐकलं होतं. तो डबा सीटवर ठेवून खाली उतरला, रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "ए कोलाड, कोलाड! खांब, खांब, खांब! दोन सीट! लगेच निघणार!"

मागून जितेशने हॉर्न वाजवला. साईराजने वळून त्यालाही सांगितलं, "थांबा हो, आमचा नंबर आहे!"

त्या दोन पासवाल्या बायका मागे बसल्या. गाडी भरली. खांबला साईराजचं काहीच काम नव्हतं. तसाच परत फिरताना तो पुन्हा पुढे बसला, आणि तिथे गाडी भरायला पाऊण तास लागला.

रात्रीपर्यंत त्याने आपला जुना अभिप्राय पुसून नवा लिहिला. सुश्रुतने तो दुसऱ्या दिवशी फोनवर वाचून दाखवला: 'तीन स्टार. मूर्ती पोचते. बाई फार ओरडते.'

"पाचातले तीन म्हंजे पास ना?" चंद्रावतीने विचारलं.

"पास, ताई. फर्स्ट क्लास."

"मग झालं तर. ठेव आता, शिफ्ट सुटली."