यादीत होती, गावात नव्हती

करोनाच्या दुसऱ्या लाटेत मी सोनईकडच्या एका गावात, प्राथमिक आरोग्य केंद्रात कॉम्प्युटरवर बसायचे. हुद्दा डेटा एन्ट्री ऑपरेटर, नेमणूक कंत्राटी. श्रीरामपूरहून रोज स्कूटीवर ये-जा. कोणाची तपासणी झाली, कोण पॉझिटिव्ह आलं, कोणाला कुठे हलवलं, हे सगळं पाचच्या आत भरून तालुक्याला पाठवायचं. पाचाला एक मिनिट जास्त झालं की तिकडून फोन, "मॅडम, तुमचं पेंडिंग दिसतंय." पेंडिंग म्हणे! मी काय माणसं पर्समध्ये घालून बसले होते?

गावात घरोघर फिरायचं काम आशा सेविका असलेल्या ताईंचं. पन्नाशीच्या बाई, पायात स्लीपर, खांद्याला पिशवी आणि पिशवीत त्यांची ती वही. त्या वहीवरून आमचं रोज वाजायचं, कारण तिच्यात धड नावंच नसायची. "गिरणीमागची थोरली." "मास्तरांची आई." "मळ्यातली, कमी ऐकू येनारी." मी ओरडायचे, "अहो ताई, कॉम्प्युटरमध्ये गिरणीमागची असा रकाना नाहीये!"

"मग करून घ्या की," त्या शांतपणे म्हणायच्या. "मला तर लगेच सापडती ती."

आणि खरंच सापडायची. अर्ध्या गावाचं आडनाव एकच. मी यादीत सारख्या नावांचा घोळ निस्तरत बसायचे, तोवर ताई त्या बाईच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून, आकडा घेऊन, वर तिच्या घरचा चहा पिऊन परत. मला त्यांचा भयंकर राग यायचा आणि त्या एक दिवस आल्या नाहीत तर करमायचंही नाही.

एका सकाळी पॉझिटिव्हच्या यादीत एक नाव आलं. बाई, वय बावीस. नमुना आमच्याच गावातल्या शिबिरात घेतलेला, पत्ता मात्र राहाता तालुक्यातला. शिबिराच्या दिवशी ताई दुसऱ्या वस्तीवर होत्या, आणि बाहेरून आलेल्या टीमने आधार कार्डावरून नावं उतरवून घेतली होती. दिलेला मोबाईल बंद. मी राहात्याला फोन केला. तिथला ऑपरेटर म्हणाला, "नमुना तुमचा, पेशंट तुमचा." तालुक्याला विचारलं तर ते म्हणाले, "पत्ता राहात्याचा, त्यांना ढकला." असं ढकलाढकलीत दोन दिवस गेले. ताईंनी गाव पालथं घातलं. त्या नावाची बाई गावात नव्हतीच.

तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या साहेबांनी सांगितलं, "'पेशंट सापडत नाही' असा पर्याय आहे ना? तो टाका आणि यादी मोकळी करा." मी वैतागले होते. माउस तिथवर नेलाही. ताई मागेच उभ्या होत्या.

"बाविशीची पोर हाय ती. न्हाई सापडली म्हनून सोडून देता व्हय?"

"मग काय करू? तीन दिवस झाले! तुमच्या गावातली बाई तुम्हालाच माहीत नाही, त्यात माझा काय दोष?"

लागलं असणार त्यांना. खुर्ची ओढून बसल्या. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण दोघींनाही ठाऊक होतं, तरणी माणसं 'जरा दम लागतोय' म्हणत घरीच बसून राहायची आणि मग दवाखान्यात न्यायला उशीर व्हायचा. ही पोरगी कुठेतरी अशीच बसली असणार, आणि तिला आपला रिपोर्टसुद्धा माहीत नव्हता.

दुपारी डबा खाताना माझ्या आईचा फोन आला. हात भरलेले, म्हणून स्पीकरवर टाकला. आईने नेहमीसारखी हाक मारली, जेवलीस का विचारलं, मास्क काढू नकोस म्हणून दटावलं आणि ठेवला.

ताईंचा घास हातातच राहिला. "त्या कुनाला हाक मारत हुत्या?"

"मलाच. माहेरचं नाव आहे माझं. तुम्ही हाक मारता ते लग्नातलं, नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं."

"माझं बी बदललंय की," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी आपलं जुनं नाव सांगितलं. सांगताना नव्या नवरीसारख्या लाजल्या. "तीस वर्सांत कुनी घेतलं न्हाई बगा."

मग एकदम आम्ही एकमेकींकडे बघितलं. कॉम्प्युटरसमोर बसून दोन बाया, दोघींना दोन-दोन नावं, आणि तीन दिवस हे आमच्या टाळक्यात शिरलं नव्हतं!

"लॉकडाऊनात चार सुना आल्यात गावात," ताई उठल्याच. "चार मानसांत लग्नं उरकली. माझ्या वहीत त्या अजून आल्याच न्हाईत, आन् आधारवर माहेरचंच नाव आसंल."

नुसतं विचारून उपयोग नव्हता. आम्ही दिसलो की दारं लागायची, घराला पत्रे ठोकतील म्हणून. आणि आजाऱ्याचं नाव गल्लीत जाहीर करणं तर मला पटणारच नव्हतं. मग मी ठरवलं, आडनाव नको, आजार नको, मैत्रीण मारते तशी नुसती यादीतल्या नावाने हाक मारायची. पहिल्या दोन घरांतून कोणी ओ दिली नाही. तिसऱ्या घराच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. मी हाक मारली तशा म्हणाल्या, "आमच्यात या नावाचं कुनी न्हाई." त्या घाबरून तसं म्हणाल्या, का ते नाव खरंच डोक्यातून गेलं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

तेवढ्यात आतून आवाज आला, "ओ! आले, आले!"

भिंतीला धरत पोरगी बाहेर आली. धाप लागलेली, पण तोंडभर हसू. गल्लीत इकडेतिकडे बघत म्हणाली, "कोन आलंय गं माहेरचं?"

माहेरचं कोणी नव्हतं. मास्क घातलेली मी होते आणि पिशवीतून ऑक्सिमीटर काढणाऱ्या ताई होत्या. आकडा नव्वदच्या खाली गेला होता. सासूबाईंनी तो बघितला. "कामाला कंटाळती म्हनून मी बोलले तिला," म्हणून रडायला लागल्या. ताईंनी ॲम्ब्युलन्स बोलावली, तासाभरात पोरगी श्रीरामपूरला ऑक्सिजनवर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंचा फोन, नुसता आकांत. "मॅडम, माजी सून तितं न्हाईच म्हनत्यात! या नावाचं कुनी न्हाई म्हनत्यात!"

त्यांनी सासरचं नाव सांगितलं होतं. मी माझ्या यादीतलं नाव, बापाचं नाव, माहेरचं आडनाव सांगितलं आणि तीनदा म्हणून घेतलं. त्या शाळेतल्या मुलीसारख्या माझ्यामागून म्हणाल्या. मग रोज सकाळी त्या ते नाव घेऊन तिथे चौकशी करायच्या आणि तिने काय खाल्लं ते मला कळवायच्या. मी काही विचारलेलं नसायचं. पण त्या फोनशिवाय मला कामाला हात घालवेना.

दहा-बारा दिवसांनी पोरगी सुटली. यादीत 'बरी होऊन घरी' असं मी भरत होते, तेव्हाच सासूबाईंचा फोन आला. "आनायला निघालोय मॅडम." मग म्हणाल्या, "लई गोड नाव हाय वो पोरीचं. आमी कशापायी बदललं कुनास ठावं. आता घरात बी त्याच नावानं हाक मारीन म्हनते. तिला चालंल ना?"

एरवी माझ्या तोंडाला खळ नसतो. त्या दिवशी "चालेल" एवढंच म्हणता आलं. फोन ठेवला आणि ताईंच्या गळ्यात पडून रडले.